उरलेलं तेल

“तुला स्वतःला कधी कॅन्सर झालाय?”

“नाही मॅडम.”

“घरात कोणाला? घरात म्हणजे आईच असं नाही. उठता-बसता ज्यांचा हात लागतो अशा जवळच्या माणसांत?”

शार्दूल खराडे क्षणभरही थांबला नाही. थांबला असता तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला रोज वाटणार होतं. “नाही,” तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्याच्या लेखी त्या दिवसाचं अवघड काम हे टोपी काढण्याचंच होतं. तासगावच्या ज्या शीतगृहात बेदाणा साठवतात, तिथे तो मालाची प्रत तपासायचा. आत गारठा असतो म्हणून टोपी, बाहेर ऊन असतं म्हणून टोपी, आणि लग्नकार्यात फॅशन म्हणून टोपी. वय अठ्ठावीस, पण कपाळ मागे सरकत सरकत टाळूला जाऊन भिडलेलं. स्थळं बघायला गेला की मुलीकडचे पोहे द्यायचे, हसून बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचे. एका घरी तर मुलीच्या आजोबांनी त्यालाच पाणी देत विचारलं होतं, “मुलगा मागनं येतोय का?” शार्दूलने हा किस्सा मित्रांना हसून सांगितला, आणि घरी येऊन आरशावर टॉवेल टाकला.

डॉ. मोहिते सांगलीच्या. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव मोठं. टकलावर केस उगवणारं रोमाजिन लिहून देण्याचा परवाना जिल्ह्यात त्यांच्या एकटीकडे होता. शिवाय त्या शार्दूलच्या दाजींच्या सख्ख्या मामेबहीण. गार्गीताईच्या लग्नात त्यांनी वरपक्षाकडून मिरवून घेतलं होतं, आणि शार्दूलने त्यांच्या गाडीची चावी दिवसभर खिशात सांभाळली होती.

“नीट ऐक,” त्या म्हणाल्या. “टक्कल पडतं तेव्हा केसाचं मूळ मरतं, असा लोकांचा समज आहे. ते मरत नाही. पुरुषी संप्रेरकामुळे ते आकसतं, आणि मुळाशी असलेल्या मूलपेशी झोपी जातात. शरीरच त्यांना एक संकेत देतं, झोपा म्हणून. जुन्या गोळ्या फक्त उरलेले केस धरून ठेवायच्या. रोमाजिन तो झोपेचा संकेतच पुसून टाकतं. पेशी जागी होते, केस उगवतो.”

“मग सगळ्यांनाच का देत नाहीत?”

“कारण शरीरात केसच तेवढे झोपलेले नसतात. बऱ्या झालेल्या कॅन्सरच्याही थोड्या पेशी कुठेतरी हाडाच्या मगजात लपून बसतात. वीस-वीस वर्षं. त्यांची झोप याच संकेतावर असते. त्यांना हे औषध लागलं तर त्याही उठतात. तुला तो धोका नाही. पण हे औषध चरबीच्या बारीक बुडबुड्यांतून कातडीत उतरतं, आणि कातडी कोणाची हे त्याला कळत नाही. म्हणून डोक्याला दुसऱ्याचा हात नको. आणि तेल तर अजिबात नको. तेलात ते विरघळतं आणि लावणाऱ्याच्या हातात जातं. बंद केल्यावरही तीन आठवडे हे पाळायचं.” त्यांनी टेबलावरच्या यंत्राकडे बोट केलं. “तुझी उत्तरं तुझ्या आरोग्यखात्यात गेली. परत एकदा विचारते. नक्की कोणी नाही?”

“नक्की.”

आता या आरोग्यखात्याची गोष्ट सांगायलाच हवी. एका माणसाचं खातं उघडलं की त्याला आईबाप, भावंडं, नवरा-बायको अशी सगळी साखळी जोडलेली. लग्नाचं स्थळ सांगून आलं की पत्रिकेबरोबर खात्याचा उतारा मागायचा, ही आता रीतच पडली होती. जमीन घेताना सातबारा बघतात, तसं. शार्दूलने ‘हो’ म्हटलं असतं तर तो ‘हो’ संध्याकाळपर्यंत गार्गीताईच्या खात्यावर उमटला असता, आणि तिथून साताऱ्याला दाजींच्या घरच्या विम्यावर. समोर बसलेल्या बाईंना तर त्यासाठी यंत्राचीसुद्धा गरज नव्हती.

कारण गार्गीताईला कॅन्सर झाला होता. रक्ताचा. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि शार्दूल आठ. बाबांनी तिला बंगळुरूला मावशीकडे शिकायला म्हणून नेलं आणि वर्षभर उपचार केले. त्या वेळी कागदाच्या फायली होत्या, त्या फायली बाबांनी नंतर बंबात घातल्या. ताई बरी झाली, पण परत आणायची कशी? डोक्यावर एक केस नव्हता. तेव्हा आईने तोड काढली. तिरुपतीचा नवस होता, दोन्ही लेकरांचे केस दिले, असं सांगायचं. एकट्या मुलीचं डोकं बघून लोकांना शंका येईल, म्हणून बाबांनी न्हाणीघरात बसवून शार्दूलचंही डोकं भादरलं. तो मोठ्याने रडला. आईने त्याचे डोळे पुसले आणि त्याच्याकडून घोकून घेतलं, “कोणी विचारलं तर काय सांगायचं?” “तिरुपतीला दिले.” “आणि ताईला काय झालं होतं?” “काही नाही.”

ते ‘काही नाही’ त्याच्या जिभेवर वीस वर्षं बसलं होतं. बाबा गेले तेही जाताना हेच बजावून गेले. म्हणजे डॉक्टरांना तो खोटं बोलला असं म्हणताना जरा थांबावं लागतं. त्याला ते खोटं वाटलंच नाही. शिवाय ताई साताऱ्यात नांदत होती. माझ्या डोक्याला हात लावायला ती येणार आहे कुठं, असा त्याने हिशेब केला. हिशेबात भाऊबीज आली नाही.

औषध लागू पडलं. श्रावणात टाळूवर लव आली, गणपतीत ती काळी झाली, आणि नवरात्रात शार्दूल टोपी घरी विसरून कामावर गेला. शीतगृहातल्या बायकांनी त्याची दृष्ट काढली. औषधाचं त्याने आईलासुद्धा सांगितलं नाही. कोकणातल्या कोण्या वैद्याचा पाला आहे, असं सांगून टाकलं. औषधाने उगवलेल्या केसांना लोक ‘दुकानातले केस’ म्हणायचे, आणि त्यावरून मोडलेली लग्नं त्याला माहीत होती. मिरजेच्या केतकीचं स्थळ आलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. बघण्याच्या दिवशी ती त्याला म्हणाली, “तुमचे केस कागदावर काढायचे तर शाई संपेल माझी.” शार्दूल घरी येताना गाडीत एकटाच हसत होता. दिवाळीनंतर महिन्याने, मार्गशीर्षात, लग्न ठरलं.

आणि भाऊबीज आली.

खराड्यांच्या घरात भाऊबीजेला बहीण भावाला पाटावर बसवून तेल-उटणं लावते, मग आंघोळ, मग ओवाळणं. ताई दाजींबरोबर आदल्या दिवशीच आली होती, चार वर्षांच्या रेवाला घेऊन. शार्दूलने तीन दिवस आधी औषध बंद केलं होतं. तीन दिवस म्हणजे तीन आठवडे नव्हेत, हे त्यालाही कळत होतं. पण दोनदा शाम्पूने डोकं धुतल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली होती.

“तेल नको गं ताई,” तो म्हणाला. “आत्ताच केस धुतलेत.”

“गप बस पाटावर. भाऊबीजेला तेल नको म्हणणारा भाऊ कुठं बघितला नाही बाई.” ताईने वाटीतलं तेल बोटाने बघितलं. आईने ते नुकतंच कोमट करून आणलं होतं. “आणि मेल्या, एवढी शेती केलीस डोक्यावर, मला हात तरी लावू दे की!”

“नको म्हणतोय ना.”

“का रे? काय झालं?” आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. ओसरीवर दाजी रेवाला फुलबाजी दाखवत होते, तेही वळून बघायला लागले. “बसा की शार्दूलराव,” ते हसून म्हणाले. “वर्षातनं एकदा तर मान असतो.”

आता बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. औषध कोणतं, ते कोणी दिलं, आणि ताईनेच का हात लावायचा नाही. दाजींच्या समोर. शार्दूल पाटावर बसला.

ताईची बोटं केसांत शिरली. किती वर्षांनी कोणीतरी त्याच्या डोक्याला असा हात लावत होतं. तिने टाळू दाबली, कानशिलं चोळली, मानेपर्यंत तेल जिरवलं. भीती वाटत असूनही त्याचे डोळे मिटले. ताई वाकून त्याच्या कानात हळूच म्हणाली, “बाबांनी दोघांची डोकी भादरली होती, आठवतंय? तू माझ्यापेक्षा जास्त रडलास. मी कधी बोलले नाही, पण मला फार बरं वाटलं होतं रे, तुझं टक्कल बघून.” तिचा आवाज जरा ओला झाला होता.

मग तिने हाताला उरलेलं तेल, बायका लावतात तसं, आपल्याच हातांना कोपरापर्यंत चोळून टाकलं. जे राहिलं ते भांगावर पुसलं.

“ताई, हात साबणाने धू.” शार्दूल ताडकन उठला. “आत्ता. कोपरापासून.”

“दिवाळीचं तेल साबणाने धुवायचं?” ताई खळखळून हसली. “लग्न ठरलं आणि पोरगं कामातनं गेलं बघा.”

चार दिवसांनी ती साताऱ्याला गेली. शार्दूलने शीतगृहाच्या मागच्या बाजूला उभं राहून कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज आला. समजा, एखाद्याला पूर्वी कॅन्सर झालेला असेल आणि त्याचा हात लागला तर, असं त्याने विचारलं. आवाजाने न अडखळता सांगितलं, की अशा व्यक्तीची रक्ततपासणी लगेच करावी. पेशी जाग्या होत असल्या तरी वाढू लागेपर्यंत दोन महिने जातात. तेवढ्यात त्यांना पुन्हा झोपवणारं इंजेक्शन दिलं तर ते बहुतेकांना लागू पडतं, नंतर पडत नाही. इंजेक्शन औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच मिळेल. “संपर्कात आलेल्या व्यक्तीचं नाव सांगता का?” शार्दूलने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“वीस वर्षं झाली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, संपला म्हणून.”

“संपत नाही आई. झोपतो.”

“मग झोपू दे की! तू कशाला त्याचं नाव काढतोस?”

“मी उठवलाय तो. तेच सांगतोय तुला. मोहिते मॅडमकडे ताईला घेऊन जायला पाहिजे.”

“मोहित्यांकडं?” आईचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे त्यांच्याच घरात जाऊन सांगायचं, आम्ही तुम्हाला फसवलं म्हणून? अरे, तिला नांदवतील का ते? पदरात पोर आहे तिच्या. आणि तुझं काय? केतकीचा बाप उद्या उतारा मागेल.” मग त्याचा हात धरून म्हणाली, “दोन महिने आहेत म्हणालास ना? लग्न महिन्यावर आलंय. तेवढं होऊ दे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन जावयांचे पाय धरते. तुझ्या बाबांची शपथ.”

शार्दूल कबूल झाला. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. आईने जे मागितलं ते त्याला आतून हवंच होतं, फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायला पाहिजे होतं.

लग्नाला आठवडा उरला असताना केतकीचे आजोबा वारले. सुतक आलं. मार्गशीर्षातला मुहूर्त गेला, मध्ये पौष, तेव्हा लग्न थेट माघात ठरलं. दोन महिने पौषातच भरत होते. शार्दूलला आणि आईलाही ते माहीत होतं.

इथे त्याची बाजू घेणं मला जमत नाही. त्याने आईजवळ विषय काढला, आई रडली, तो उठून गेला. त्याने दोनदा ताईला फोन लावला. पहिल्या वेळी रेवाच फोनवर गाणी म्हणत बसली. दुसऱ्या वेळी ताई भेटली. “अंगात कसकस आहे जरा. थंडी केवढी आहे इथं,” ती म्हणाली. “तुझ्या लग्नात मला नाचायचंय हं, आधीच सांगून ठेवते.” तो म्हणाला, “काळजी घे.” एवढंच. केतकीबरोबर तो शालू बघायला गेला, आमंत्रणं वाटली, केस कापून घेतले. रात्री झोप लागायची नाही, पण सकाळी उठून तो पुन्हा दाढी करायचा. भेकड माणसाचे दिवससुद्धा इतरांसारखेच जातात.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात कासार आला. घरातल्या सगळ्या बायका हिरव्या बांगड्या भरायला बसल्या. ताईची पाळी आली तेव्हा कासाराने तिचा हात दाबून, बोटं जुळवून बांगडी वर सरकवली आणि तो एकदम थांबला. “बाई, कुठं पडलात का?” ताईच्या मनगटावर, जिथे जिथे त्याने हात धरला होता तिथे काळेनिळे डाग उमटत होते. बघता बघता अंगठ्याएवढे झाले. “अशक्तपणा असेल,” ताई हसली, पण तिचे ओठ पांढरे होते. “भरा तुम्ही. भावाचं लग्न आहे.”

शार्दूल हळदीच्या अंगाने तिथेच उभा होता. बंगळुरूला जाण्याच्या आधी ताईच्या पायावर असेच डाग आले होते. तो आठ वर्षांचा होता तरी त्याला ते आठवत होते.

त्याने दाजींना मांडवामागे नेलं, जिथे आचाऱ्यांनी पातेली पालथी घातली होती. वीस वर्षांपूर्वीचा आजार, नवसाचं खोटं, औषध, भाऊबीज. “तुम्हाला फसवलं आम्ही,” तो म्हणाला. “पण ताईचा त्यात काही दोष नाही. तिला टाकू नका दाजी. आधी तिला मॅडमकडे घेऊन चला.”

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. “आजाराचं मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“बघायला आलो होतो ना आम्ही, तेव्हा तुमच्या गच्चीवर आम्हाला दोघांना बोलायला पाठवलं होतं. तिने पहिलं वाक्य तेच सांगितलं. मला रक्ताचा कॅन्सर होऊन गेलाय, चालणार नसेल तर चहा न घेता जा. मी चहा घेतला. घरी आईवडिलांनाही सांगितलं. तेही हो म्हणाले.”

“मग तुम्ही कोणी… कधी बोलला का नाहीत?”

“तुमच्या आईंनी एवढ्या जिवाने लपवलेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. गार्गीच म्हणाली, आईला कळू द्यायचं नाही.” बोलता बोलता दाजींचा आवाज चढला. “पण तू? भाऊबीजेला माहीत होतं तुला? तीन महिने? अरे, मला एक फोन करायचा होतास!”

शार्दूलला वाटलं, हे आपल्याला मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते वळले आणि धावतच ताईकडे गेले.

डॉ. मोहित्यांनी त्याच संध्याकाळी रक्त तपासलं. मांडवातून गायब झालेल्या नवरदेवाला त्यांनी खुर्चीवर बसवलं नाही. “मी दोनदा विचारलं होतं तुला,” त्या म्हणाल्या. “गार्गीवहिनींचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तुझ्या हातात हे औषध दिलं नसतं. पौष लागेपर्यंत जरी आला असतास, तर एका इंजेक्शनवर काम भागलं असतं. आता पेशींनी मगज भरलाय. आता कोणाला झोपवायचं?”

लग्न दुसऱ्या दिवशी झालं. ताईनेच करायला लावलं. ती नाचली नाही, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत राहिली. केतकीला शार्दूलने पहिल्याच रात्री सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, “टक्कल असतं तरी मी हो म्हटलं असतं की नाही, हे आता मलाही कधी कळणार नाही.” ती त्याच्याबरोबर राहिली, पण ते केस कागदावर काढायचं पुन्हा कधी बोलली नाही.

जागी झालेली दुखणी पहिल्यापेक्षा चिवट असतात. त्यांनी जुन्या औषधांना दाद दिली नाही. वैशाखात ताईचे केस गेले. शार्दूल आठवड्यातून तीनदा पुण्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी जाऊन बसायचा. त्याने स्वतःचं डोकंही भादरून टाकलं होतं. पण रोमाजिनने जागी केलेली मुळं आता झोपायला तयार नव्हती. आठवड्यात डोकं काळं व्हायचं, पंधरवड्यात दाट. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. त्याला ते केस मुठीने उपटावेसे वाटायचे.

एकदा ताईने त्याला जवळ बोलावलं. “मला एवढंच सांग,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “तू आईला विचारलंस. यंत्राला विचारलंस. मला का नाही विचारलंस? रक्त माझं होतं ना रे? मी एकटी गेले असते मोहित्यांकडे, बसने.”

शार्दूलने तिच्या पायावरची चादर सरळ केली. तिने त्याच्या वाढलेल्या केसांकडे बघितलं, सवयीने हात उचलला, आणि मग स्वतःच खाली घेतला. “तुला भीती वाटेल,” ती म्हणाली. मायेनेच म्हणाली ती. त्याने ते आयुष्यभर विसरू नये अशी तिची इच्छा नव्हती, पण तो विसरू शकणार नव्हता.

नवरात्राच्या आधी ताई गेली.

दिवसकार्य झाल्यावर दाजी रेवाला घेऊन खराड्यांच्या घरी आले. आजीला नात बघायची होती. शेजारपाजारची, नात्यातली माणसं भेटायला येत होती. केतकी सगळ्यांना चहा देत होती. आई भिंतीला टेकून बसली होती. महिन्याभरात ती अर्धी झाली होती. एका लांबच्या काकूंनी डोळ्याला पदर लावून विचारलं, “एवढी धडधाकट पोर. झालं तरी काय अचानक?”

“ताप आला,” आई म्हणाली. “मेंदूत गेला. डॉक्टरांना कळलंच नाही.” आणि तिने शार्दूलकडे बघितलं. वीस वर्षांपूर्वी न्हाणीघरात बघितलं होतं तसंच. रेवा कोपऱ्यात बाहुलीचे केस विंचरत होती. आईची नजर त्याच्यावरून तिच्याकडे गेली आणि परत त्याच्याकडे आली. पोरगी आहे मागे, तिचं लग्न व्हायचंय, असं ती नजर सांगत होती.

त्याची जीभ उचलली गेली. शब्द तयारच होता.

“नाही,” शार्दूल म्हणाला. “ताईला कॅन्सर होता. रक्ताचा. लहानपणी झाला होता, तो बरा झाला होता. तिरुपतीला आम्ही कधी गेलोच नाही. यंदा माझ्या केसांच्या औषधाने तो परत आला, आणि वेळ होता तेव्हा मी बोललो नाही.”

काकूंनी कप खाली ठेवला. आई उठायला लागली. “जावयांसमोर…” ती पुटपुटली. “अरे, जावई बसलेत समोर! काय बोलतोस तू?”

दाजींनी खाली बघितलं. बराच वेळ त्यांनी सतरंजीचा दोरा ओढला. “आई,” ते म्हणाले, “मला लग्नाआधीपासून माहीत होतं. गार्गीने सांगितलं होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.”

आई परत खाली बसली. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडली नाही. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “मग मी कोणापासून लपवत होते?” तिने विचारलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

माणसं हळूहळू उठून गेली. शार्दूल उंबऱ्याशी बसून राहिला. रेवा बाहुली टाकून त्याच्या मागे आली. दवाखान्यात आईच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवायची तिला सवय लागली होती. ती त्याच्या पाठीवर रेलली आणि दोन्ही हात तिने त्याच्या दाट, काळ्या केसांत खुपसले.

शार्दूलने किंचाळून तिचे हात धरले. औषध बंद करून वर्ष होत आलं होतं. कातडीत त्याचा थेंबही उरला नसणार, हे त्याला माहीत होतं. तरी तो तिला उचलून मोरीवर घेऊन गेला, नळ सोडला आणि साबण लावून तिचे हात कोपरापासून धुवायला लागला. एकदा धुतले, परत लावला साबण. तिची बोटं पाण्याने सुरकुतली.

“मामा,” रेवा म्हणाली, “माझ्या हाताला तेल नाही लागलं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा साबण घेतला.